राडारोड्यापासून दरसूचीपर्यंत : पुनर्प्रक्रियित मालाच्या सरकारी खरेदीची पार्श्वभूमी

किसननगर आणि वागळे इस्टेटच्या परिसरातील समूह विकास योजना, नौपाड्यातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि घोडबंदर रस्त्यालगतची सततची बांधकामे यांमुळे ठाणे शहरातून राडारोडा वाहून नेणारे डंपर ही आता रोजची गोष्ट झाली आहे. या राडारोड्याचा काही भाग रीतसर भरावाला जातो, काही भाग रात्रीच्या अंधारात खाडीकिनाऱ्यावरील तिवरांत रिकामा होतो, आणि उरलेला शीळ-डायघर परिसरात प्रक्रियेसाठी पोहोचतो. तेथे काँक्रीटचे तुकडे फोडले जातात, त्यांतील लोखंड वेगळे काढले जाते, माल चाळला जातो, आणि त्यातून खडी, कच व पदपथावर बसवायचे पेव्हर ब्लॉक तयार होतात. हा सगळा माल घेणार कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र यंत्राजवळ मिळत नाही. शहरात खडी आणि पेव्हर ब्लॉक यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, सिडको आणि एमएमआरडीए. त्यांनी माल घेतला तर प्रकल्प चालतो, आणि त्यांनी पाठ फिरवली तर प्रक्रिया केलेल्या मालाचाही पुन्हा ढीगच होतो. सरकारी खरेदीत पुनर्प्रक्रियित मालाला प्राधान्य असावे, या मागणीचे मूळ येथे आहे.

सरकारने एखाद्या प्रकारच्या मालाला झुकते माप देणे आपल्याकडे नवे नाही. ब्रिटिश सरकार आपल्या गरजेचा बहुतांश माल लंडनहून मागवीत असे. त्यावर येथील उद्योजकांनी आणि कायदेमंडळातील सभासदांनी केलेल्या टीकेनंतर १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि देशी मालाच्या खरेदीला एक सरकारी वाट मिळाली. स्वातंत्र्यानंतर खादी आणि लघुउद्योग यांच्यासाठी राखीव खरेदीची पद्धत आली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अनेक लहान कारखानदारांना राखीव वस्तूंची ती यादी चांगली ठाऊक होती.

या परंपरेतला सध्याचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा केंद्राचा २०१२ चा खरेदी आदेश. निविदेत सर्वांत कमी दर देणारा, म्हणजे 'एल-वन', १०० रुपये बोलला असेल आणि एखाद्या लघुउद्योगाचा दर ११५ रुपयांच्या आत असेल, तर त्या उद्योगाला १०० रुपयांवर येण्याची संधी देऊन कामाचा काही हिस्सा द्यायचा, असा तो नियम आहे. खरेदीतील या उद्योगांचा किमान वाटा आधी २० टक्के होता, पुढे तो २५ टक्के झाला. २०१७ च्या 'मेक इन इंडिया' आदेशात स्थानिक मालासाठी 'एल-वन'च्या दराहून किती अधिक दर चालेल याची ही मर्यादा १५ वरून २० टक्क्यांपर्यंत गेली. हा तपशील मुद्दाम देत आहे, कारण प्राधान्य टिकते ते अशा आकड्यामुळे. निविदा समितीसमोर बसलेला अधिकारी भावनेवर निर्णय घेऊ शकत नाही, त्याला टिपणीत लिहिता येईल असा आकडा लागतो. पुनर्प्रक्रियित मालासाठी असा किमतीतील सवलतीचा आकडा आपल्या केंद्रीय खरेदी नियमांत आजवर आलेला नाही, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

पुनर्प्रक्रियित मालाला सरकारी खरेदीत प्राधान्य देण्याची कल्पना अमेरिकेत मात्र खूप आधी कायद्यात आली. तेथे १९७६ मध्ये घनकचऱ्याविषयीचा जो मोठा केंद्रीय कायदा झाला, त्याच्या ६००२ व्या कलमाने संघीय खात्यांवर जबाबदारी टाकली की, वर्षाला १०,००० डॉलरहून अधिक खर्च होणाऱ्या ठरावीक वस्तू घेताना व्यवहार्य असेल तेवढा अधिक पुनर्प्राप्त माल असलेल्या वस्तू घ्याव्यात. दर अवाजवी असेल, माल वेळेत मिळत नसेल, स्पर्धा उरत नसेल किंवा वस्तू कामात कमी पडत असेल, तर मात्र सूट होती. कायदा झाला, पण कोणत्या वस्तूत किती टक्के, हे पर्यावरण खात्याने ठरवायचे होते, आणि पहिली मार्गदर्शिका निघायला १९८३ साल उजाडले. ती कागदाची नव्हती, तर औष्णिक वीजकेंद्राची राख घातलेल्या सिमेंट-काँक्रीटची होती. कागद, पुन्हा शुद्ध केलेले वंगण आणि पुनःस्तरित, म्हणजे झिजल्यावर वरचा थर पुन्हा चढविलेले, टायर यांचा क्रम १९८८ मध्ये लागला.

मधल्या काळात तेथील शहरांनी घरोघरी रद्दी वेगळी गोळा करायला सुरुवात केली होती. रद्दी इतकी जमली की तिचा भाव कोसळला आणि काही ठिकाणी ती उचलण्यासाठी उलट पैसे मोजावे लागले. गोळा करणे आणि खपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. ऑक्टोबर १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून संघीय कार्यालयांच्या कागदात वापरलेल्या रद्दीपासूनचा किमान २० टक्के लगदा असलाच पाहिजे, असे ठरविले आणि १९९८ च्या अखेरीस ते प्रमाण ३० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. जपानने २००० मध्ये हरित खरेदीचा स्वतंत्र कायदाच केला.

भारतातली सुरुवातही, योगायोगाने, राखेनेच झाली. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघातील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले, आणि त्याचबरोबर केंद्र व राज्यांच्या बांधकाम खात्यांनी आपल्या निविदांत आणि विनिर्देशांत राखेच्या वापराची तरतूद करावी, असेही सांगितले. हा दुसरा भाग कमी गाजला, तरी महत्त्व त्याचेच अधिक आहे. पुढे हा परिघ १०० किलोमीटर झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये ३०० किलोमीटरपर्यंत वाढला. त्या वेळी १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीजकेंद्राने सोसावा आणि त्यापुढचा निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असाही नियम झाला. डहाणूचे ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र २०१४ च्या विभाजनापर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे राखेचा प्रश्न या जिल्ह्याला परका नव्हता. २०१६ च्या अखेरीस महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण जाहीर केले.

राखेच्या विटेला यश का आले, हे नीट पाहण्यासारखे आहे. तिला भारतीय मानक होते, त्यामुळे चाचणी कशाची करायची याविषयी वाद नव्हता. कच्चा माल जवळजवळ फुकट आणि वाहतुकीचा भार दुसऱ्यावर, त्यामुळे दर भिडत होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांतील बाबींच्या ठरलेल्या दरांच्या छापील यादीत, होती. रस्त्यात प्लास्टिक घालण्याच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा दिसतो. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिक-डांबराची पद्धत बसविली, भारतीय रस्ते परिषदेने २०१३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे छापली, आणि त्यानंतरच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून ५० किलोमीटरच्या आतील राष्ट्रीय महामार्गांच्या वरच्या थरात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचा केंद्राचा आदेश आला. एसटीच्या कार्यशाळांत तर झिजलेल्या टायरचे पुनःस्तरण कोणत्याही आदेशाची वाट न पाहता कित्येक वर्षे चालू आहे, कारण तेथे विकत घेणारा आणि वापरणारा एकच आहे आणि वाचलेला पैसा त्याच्याच खात्यात राहतो.

राडारोड्याची कथा मात्र अधिक रेंगाळली, आणि तिचा एक आरंभबिंदू नवी मुंबईत आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वस्त व स्थानिक बांधकाम साहित्यासाठी देशभर 'बिल्डिंग सेंटर' उभारण्याची चळवळ सुरू झाली होती. तिच्याच धर्तीवर सिडको आणि युवा ही संस्था यांनी खारघरमध्ये बिल्डिंग सेंटर चालविले, आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेथे पाडकामाचा राडारोडा दळून त्यापासून ब्लॉक आणि फरशा करण्याचे काम सुरू केले. दिल्लीतील बुराडीचा बहुचर्चित प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरीही खारघरचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पसरला नाही. त्याच काळात सिडको संपूर्ण नोड, म्हणजे नव्या शहराचे एकेक विभाग, उभे करीत होती, पदपथ, गटारे, कुंपणभिंती यांची कामे शेकड्यांनी निघत होती, आणि तेवढ्या मागणीचा लहानसा भाग जरी नियमाने अशा मालासाठी ठेवला असता, तर या भागात एक उद्योग उभा राहिला असता, असे मला मनापासून वाटते.

याच्या उलट उदाहरण क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे, आहे. ठाणे खाडीतील रेती काढून ती कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरावर उतरवायची, हा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय होता, आणि या भागातील जुन्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये ती रेती आहे. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेती उत्खननावर निर्बंध आणले, २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली, आणि बांधकाम खात्यांपुढे पर्याय उरला नाही. ही वाळू काही वर्षांतच अंदाजपत्रकांत रुळली. टंचाई आणि न्यायालय या दोघांनी मिळून जे केले, ते पुनर्प्रक्रियित खडीसाठी कोणी केले नाही, कारण पारसिकच्या डोंगररांगेतला काळा दगड दीर्घकाळ सहज मिळत राहिला.

नियमांच्या दृष्टीने २०१६ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये केंद्राचे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम आले, आणि त्यांत महापालिका व सरकारी कंत्राटांमध्ये अशा कचऱ्यापासून बनविलेला माल ठरावीक प्रमाणात, उदाहरणादाखल १० ते २० टक्के, घेणे कडक गुणवत्ता नियंत्रणासह अनिवार्य करण्याची तरतूद होती. दिल्ली सरकारने त्याच्या आदल्या वर्षीच इमारतीच्या कामांत २ टक्के आणि रस्त्यांच्या कामांत १० टक्के असे प्रमाण ठरविले होते. २०१६ मध्येच काँक्रीटसाठीच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाची, म्हणजे आयएस ३८३ ची, नवी आवृत्ती निघाली. १९७० च्या आवृत्तीच्या शीर्षकात 'नैसर्गिक स्रोतांपासूनची' असे शब्द होते, ते नव्या शीर्षकातून वगळले गेले. एवढ्या बदलामुळे पुनर्प्रक्रियित खडीला प्रथमच कायदेशीर स्थान मिळाले : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. शीर्षकात ते शब्द असेपर्यंत कोणत्याही अभियंत्याने असा माल वापरणे म्हणजे स्वतःच्या नोकरीवर जोखीम घेण्यासारखे होते.

तरीही नियम आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये दरसूची उभी असते. काही वर्षांपूर्वी एका सरकारी बांधकाम कार्यालयात पदपथाच्या कामाचे अंदाजपत्रक तयार होत असताना मी जवळ बसलो होतो. कनिष्ठ अभियंत्याने संगणकावर दरसूची उघडली, पेव्हर ब्लॉकची बाब निवडली, परिमाण भरले, आणि दर आपोआप उमटला. राडारोड्याच्या खडीचा ब्लॉक घेता येईल का, असे विचारल्यावर त्याने पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत दाखविली आणि म्हणाला, "साहेब, ही बाबच नाही. बाब नसेल तर दर विश्लेषण जोडायचे, तीन कोटेशन घ्यायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची, आणि एवढे करूनही लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर मलाच द्यायचे." त्याच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. पंधरा दिवसांत निविदा काढायची असताना जी बाब यादीत नाही ती घेण्याचे कारण त्याला कोणी दिले नव्हते. त्याच टेबलावर कागद दाबून ठेवायला एक पुनर्प्रक्रियित ब्लॉक होता, कुठल्याशा प्रदर्शनातून आलेला. रंगाने जरा मळकट, कडा स्वच्छ, आणि हातात घेतला तर नेहमीच्या ब्लॉकइतकाच जड.

गुणवत्तेची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. पाडकामाच्या मालात प्लास्टर, माती, लाकूड, जिप्सम असे बरेच काही मिसळलेले असते. जुन्या काँक्रीटच्या खडीला चिकटलेला सिमेंटचा थर पाणी अधिक शोषतो, आणि मिश्रणाचे प्रमाण नेहमीचेच ठेवले तर ताकद कमी भरते. म्हणूनच पाडतानाच विटा, काँक्रीट आणि लोखंड वेगळे करणे, आणि प्रत्येक खेपेच्या चाचणीचा दाखला देणे, ही खरेदी-प्राधान्याची पूर्वअट आहे. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. ब्लॉक त्याच्या कसोटीला उतरला, तर त्यातली खडी डोंगरातून आली की नौपाड्यातल्या पाडलेल्या इमारतीतून, याने पदपथाला काही फरक पडत नाही.

राज्याच्या खरेदी नियमावलीत, म्हणजे १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयात, भर वस्तूंच्या खरेदीतील स्पर्धा, पारदर्शकता आणि कार्यपद्धती यांवर आहे, आणि बांधकामाच्या कामांचे गणित त्याबाहेर दरसूचीवरच चालते. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २०१८ मध्ये शाश्वत खरेदीसाठी कृतिगट नेमला. प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी प्लास्टिक कचरा नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीने २०२५-२६ पासून कडक प्लास्टिकमध्ये ३० टक्के पुनर्प्रक्रियित माल सक्तीचा केला, पण ती सक्ती उत्पादकावर आहे, सरकारी गिऱ्हाइकावर नाही. राडारोड्याच्या बाबतीतही वारे त्याच दिशेने वाहत आहे. एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेले नवे नियम २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांच्या विकासकांवर त्या कामांतून निघणाऱ्या कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी टाकतात. घोडबंदर रस्त्यावरचे आणि खारघर-पनवेल पट्ट्यातले मोठे गृहप्रकल्प या कक्षेत येतात.

विकासकावरची ही जबाबदारी योग्यच आहे. पण शहरातले पदपथ, नाल्यांच्या भिंती, उद्यानांतील वाटा आणि रस्त्यांचे खालचे थर विकासक बांधत नाहीत, ते महापालिका बांधते. आयएस ३८३ जिथे १०० टक्के मुभा देते ते पायाखालचे हलके काँक्रीट ठाणे आणि नवी मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक नागरी कामात असते, आणि ताकदीचा प्रश्न सर्वांत कमी येतो तोही तिथेच. दरसूचीत त्या एका बाबीखाली पुनर्प्रक्रियित खडीचा स्वतंत्र दर छापला गेला, तर त्या कनिष्ठ अभियंत्याला तीन कोटेशन जोडावी लागणार नाहीत.