सूक्ष्मनलिका-संलग्न प्रथिने

पेशीतील सूक्ष्मनलिकांना चिकटून त्यांची वाढ, मोड, जुळणी आणि दिशा ठरवणाऱ्या प्रथिनांचा गट. नाशिकच्या महाविद्यालयांत कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे काम दिसते, ती स्वतः दिसत नाहीत. ॲसिटोकार्मिनने रंगतात ती कांद्याची 16 गुणसूत्रे. त्यांना मध्यावर आणून दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू, म्हणजे सूक्ष्मनलिकांचे जुडगे, त्या रंगात उठून दिसत नाहीत. प्रात्यक्षिकात हे आवर्जून सांगायला हवे, नाहीतर गुणसूत्रे आपली आपण सरकतात असा समज होतो.

सूक्ष्मनलिका ही ट्युब्युलिन या प्रथिनाच्या अल्फा-बीटा जोड्यांची पोकळ नळी. तिचा व्यास सुमारे 25 नॅनोमीटर असतो. वाढता वाढता ती टोकाकडून एकाएकी ढासळते आणि पुन्हा वाढू लागते. टिम मिचिसन व मार्क कर्शनर यांनी 1984 मध्ये दाखवलेली ही गतिमान अस्थिरता शुद्ध ट्युब्युलिनमध्येही आढळते. पेशीत मात्र ती कुठे व केव्हा घडावी, हे संलग्न प्रथिने ठरवतात. ईबी-1 वाढत्या टोकावर बसते, किनेसिन-13 टोक सोलते, स्टॅथमिन सुट्या जोड्या अडवून धरते. कटॅनिन नळी मधूनच कापते. जपानी तलवार ‘कटाना’वरून त्याला हे नाव मिळाले.

कांद्याच्या पेशीत तारककेंद्र, म्हणजे प्राण्यांच्या पेशीत तर्कूची टोके घडवणारा भाग, नसते, तरी तिचा तर्कू दोन टोकांचाच बनतो. विभाजन संपताना दोन केंद्रकांच्या मधोमध नवी भिंत उभी राहते, तेथे समोरासमोरून आलेल्या नलिकांना वनस्पतींतील मॅप-65 एकमेकींशी सांधते. माणसात हेच काम त्याच कुळातले पीआरसी-1 करते. शेतातला कांदा आणि माणूस यांच्यात इतके जुने नाते टिकून आहे, ही या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट.

चेतापेशीतील टाऊ हे संलग्न प्रथिन 1975 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले गेले. त्यावर फॉस्फेट गट जास्त चढले की त्याची नलिकेवरील पकड सुटते. अल्झायमर रोगात पेशीत सापडणारे गुंते याच टाऊचे असतात.

द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे बुरशीनाशक कार्बेन्डाझिम हे प्रथिन नव्हे, पण तेही बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला धरून नळीची बांधणी रोखते. त्या ट्युब्युलिनमधील 198 व्या जागेचे एक ॲमिनो आम्ल बदलले, तरी बुरशी औषधाला जुमानेनाशी होते.