सिनाईच्या डोंगरावर थंडी कसली?

वाळवंटातला डोंगर म्हणजे बाराही महिने भट्टी, हा समज काही जाता जात नाही. इजिप्तमधल्या जेबेल मूसावर, म्हणजेच या सिनाईच्या डोंगरावर, म्हणूनच काहीजण जानेवारीतही नुसत्या टीशर्टवर पोचतात आणि माथ्याजवळ बेदुइनांकडून, म्हणजे तिथल्या वाळवंटी अरब टोळ्यांच्या लोकांकडून, भाड्याने घोंगडी घेतात. उंची २२८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटरने जास्तच. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. सूर्य कलला की दिवसभराची ऊब भुर्रकन उडते. हिवाळ्यात बर्फही पडतो. सावलीतल्या दगडी पायऱ्यांवर तो गोठला, की पाय सटकलाच समजा.

दुसरा घोळ पाण्याचा: थंडीत पाणी फारसं लागत नाही, असं वाटतं. थंडीत तहान कमी लागते हे खरं, पण कोरड्या हवेत घाम दिसायच्या आतच सुकतो. शर्टावर मिठाचे पांढरे डाग मात्र उमटतात.