संगणक आपोआप रिस्टार्ट होणे

घरगुती संगणक चालू असताना, कोणीही आज्ञा न देता, एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होणे हा बिघाड. त्यामागे बहुधा वीजपुरवठा, उष्णता, रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) किंवा ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) यांपैकी काहीतरी असते. नागपुरात एप्रिल ते जून या काळात पहिली दोन कारणे आधी तपासावीत. मात्र सुटे भाग बदलायला घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : संगणकाची वीज तुटली, की विंडोजनेच काम थांबवले?

गंभीर त्रुटी आली की विंडोज निळा पडदा दाखवते आणि लगेच संगणक पुन्हा सुरू करते. पडदा वाचायला वेळ मिळावा म्हणून ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढावी. त्यानंतर निळा पडदा टिकून राहिला, तर त्यावरचे संकेतनाव लिहून घ्यावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसताच एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) दोष देण्याची घाई सर्रास होते. ही नोंद संगणक पुन्हा सुरू होताना लिहिली जाते आणि मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलातला ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्यामागच्या त्रुटीचा क्रमांक) शून्य असेल, तर बहुतेक वेळा विंडोजला काही नोंदवायची संधीच मिळालेली नसते; तेव्हा वीज आणि उष्णता आधी पाहावी. शून्य नसेल तर ड्रायव्हर व रॅमकडे वळावे.

विजेचा दोष बहुधा वेळेवरून ओळखू येतो. कूलरची मोटर किंवा पाण्याचा पंप सुरू होताच संगणक रिस्टार्ट होत असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली येत असते. संगणक त्या बोर्डावरून काढून वेगळ्या लाइनवर घ्यावा. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज गेल्यानंतरही साधारण १६ मिलिसेकंद पुरवठा टिकवतो आणि साधा यूपीएस बहुधा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो. उन्हाळ्यांमागून उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसमधले वीज साठवणारे कपॅसिटर सुकत जातात, तसा हा अवधी घटतो. मग यूपीएस ठीक असूनही लाइट गेली की संगणक बंद पडतो.

दोष कोणाचा हे पाहायला संगणक रीतसर बंद करून यूपीएसवर १०० वॅटचा पिवळा बल्ब लावावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा. बल्ब काही मिनिटे स्थिर जळला, तर संशय एसएमपीएसवर. लगेच विझला, तर बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी संपलेली असते. संगणकावर भार असताना हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या कनेक्टरवर मल्टीमीटरने पिवळ्या-काळ्या तारेत ११.४ ते १२.६ आणि लाल-काळ्या तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणिक घसरण मल्टीमीटरला सापडत नाही; दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी खात्री. एसएमपीएस घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो.

नागपूरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंग कमजोर होते. सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ३ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावी.

नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बिनकूलरची खोलीही ४० अंशांच्या आसपास तापते. प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहत असेल, तर हिवाळ्यातले ७० अंश तेव्हा ९० होतात. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर आधी वेग कमी करतात, त्याहून तापले तर संगणक बंद करतात. म्हणून अतिउष्णतेने संगणक पुष्कळदा बंदच राहतो, किंवा सुरू होऊन लगेच पुन्हा पडतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवणे हा उपाय नव्हे : ओलसर हवेतली धूळ पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरवरचा उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये नमद्यासारखी थापली जाते आणि वरून पाहिल्यास पंखा स्वच्छच दिसतो. पंखा उतरवून, पात्यांमधला थर मऊ ब्रशने काढावा. हीटसिंक उचलला, तर त्याखालची जुनी उष्णतावाहक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ या तपासणी प्रोग्रामचे चार फेरे रात्रभर चालवावेत. एक जरी चूक आली, तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासावी. आधी सोनेरी कडा खोडरबराने हलक्या घासाव्यात. एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर ते बंद करून पाहावे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञा) उपाय आले, म्हणून अशा संगणकाचे बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावे. तेवढ्याने न भागल्यास वॉरंटी पाहावी, कारण झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही. एवढे करूनही कारण सापडले नाही, तर रिसेट बटणाची तार मदरबोर्डवरून काढून एक-दोन दिवस संगणक वापरावा. अडकलेले बटणही नेमके हेच करते.