भिंत म्हंजे लांब कोपरा

सावद्याला बहिणीकडे उन्हाळ्यात गेलं की दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. यंदा नऊ वर्षांच्या भाचीसाठी ओसरीच्या फरशीवर खडूने वखार आखली आणि काडेपेट्यांना केळीची खोकी म्हटलं. नियम साधे. खोकं ढकलायचं, ओढायचं नाही, तेही एका वेळी एकच. सगळी खोकी खडूने काढलेल्या फुल्यांवर पोचली की जिंकलं.

खेळ अर्थात माझा नाही. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ साली जपानात रचला. त्याचं नाव 'सोकोबान', म्हणजे वखारीचा राखणदार. केळीच्या मुलखात याहून घरचा खेळ कुठला!

उत्साहाच्या भरात मी पहिलीच लेव्हल तीन खोक्यांची केली आणि तिथेच चुकलो. तिसऱ्या चालीला पोरीने एक खोकं भिंतीला टेकवलं. फुली होती खोलीच्या मधोमध. भिंतीला लागलेलं खोकं परत आत आणायचं तर भिंतीच्या बाजूने ढकलावं लागेल, आणि तिथे ढकलणाऱ्याला उभं राहायला जागाच नसते. डाव तेव्हाच संपला होता. पण ते खोकं भिंतीच्या कडेकडेने अजून सरकत होतं, म्हणून तिला ते जिवंत वाटलं. बाकीची दोन जागेवर नेऊन, बऱ्याच खटपटीनंतर ती म्हणाली, "मामा, हे तं निघतच नाही." चूक कुठे झाली ते तिला सांगता येईना. कसं येणार? चूक आणि तिची शिक्षा यांच्यात वीस-पंचवीस चालींचं अंतर पडलं होतं.

मग मी इवलीशी खोली आखली. खोकं एकच, आणि सहज सुचणारी पहिली चाल त्याला थेट कोपऱ्यात नेणारी. दोन चालींत अडकलं, पुन्हा मांडलं, तिसऱ्या खेपेला ती कोपरा टाळून गेली. त्यानंतर भिंतीची लेव्हल दिली. जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "भिंत म्हंजे लांब कोपराच ना?" हे वाक्य मी तिला आधीच सांगून टाकलं असतं, तर ती "हो" म्हणाली असती आणि विसरली असती.

आपल्या डोक्याला एका वेळी फार थोडं पेलतं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो आकडा साधारण चार गोष्टींवर आणून ठेवला. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं की उत्तराच्या मागे धावण्यातच ही ताकद संपली, तर शिकायला काही उरत नाही. तीन खोक्यांच्या लेव्हलने नेमकं तेच केलं होतं.

मोठे खेळ म्हणूनच कंजूष असतात. 'पोर्टल' (२००७) हा व्हिडिओ गेम बंदुकीने भिंतींत दोन दारं पाडून ती जोडण्याचा आहे, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. पण सुरुवातीला दारं आपोआप उघडतात, मग बंदूक मिळते ती एकच दार पाडणारी, आणि दुसरं दार बऱ्याच खोल्यांनंतर हाती येतं. 'सुपर मारिओ'च्या (१९८५) पहिल्या लेव्हलमध्ये समोरासमोर दोन जिने लागतात. मध्ये भक्कम जमीन असते, उडी चुकली तरी काही बिघडत नाही. थोडं पुढे तसेच जिने पुन्हा येतात, पण या वेळी मध्ये खड्डा असतो.

माझी फजिती मात्र पुढेच होती. चौथ्या लेव्हलमध्ये मला 'आधी लांबचं खोकं, मग जवळचं' हा क्रम शिकवायचा होता. पोरीने ती चटकन सोडवली, पण मी बेसावधपणे मोकळ्या ठेवलेल्या एका चौकोनातून वळसा घालून! लेव्हल सुटली, धडा तसाच राहिला. सुटणं म्हणजे शिकणं नव्हे, आणि लेव्हल रचणाऱ्याचं अर्धं काम असल्या पळवाटा बुजवण्याचं असतं. मी तो चौकोन खडूने भरून टाकला.

आता ती खरी अडली. मी ओठ घट्ट मिटून बसलो. खेळणारा अडखळत असताना गप्प राहण्याइतकं अवघड काम यात दुसरं नाही. तिचा हात लांबच्या खोक्याकडे वळतो न वळतो, तोच बहीण स्वयंपाकघरातून डोकावली.

"अगं, आधी पलीकडचं ढकल ना!"

फरशी पुसून तोच धडा नव्या वखारीत आखेपर्यंत मला दिवेलागण झाली.