शिक्षा झाल्यावरही मुद्देमाल का जपायचा?

खुनाच्या खटल्याचं निकालपत्र कितीही जाडजूड असो, शिक्षेच्या आदेशाखाली एक ठरावीक कलम बहुधा सापडतंच: जप्त मुद्देमाल किरकोळ किमतीचा असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा. रक्ताळलेला शर्ट, काठी, मयताच्या नखांची कात्रणं, मातीची पुडी. बाजारात याची किंमत शून्य. पण शिक्षा चुकीच्या माणसाला झाली असेल, तर ते सिद्ध करू शकणारी वस्तू बऱ्याचदा याच गाठोड्यात असते.

पुण्यात शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली की अपील मुंबई उच्च न्यायालयात जातं. त्याला मुदत ६० दिवसांची, फाशी असेल तर ३० दिवसांची. अपील ऐकणारं न्यायालय फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं, पण मूळ खटलाच न्याय्य रीतीने चालला नाही असं दिसल्याशिवाय तसं सहसा होत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात दंगलीतल्या हत्याकांडाचा बेस्ट बेकरी खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला, तो असाच अपवाद. त्यापेक्षा उपयोगाचं आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३९१ होतं.) यात अपिलाच्या टप्प्यावर जादा पुरावा घेता येतो. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार याचिका, मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावरचा शेवटचा उपाय. दार एकेक करून अरुंद होत जातं आणि तेच मुद्दे नव्या शब्दांत मांडून ते उघडत नाही. पुन्हा तपासता येईल असं काहीतरी हातात असावं लागतं.

पुण्यात पावसाळ्यात झालेल्या एखाद्या खुनाचा पंचनामा डोळ्यांसमोर आणा. ओला शर्ट पंचांसमक्ष जप्त होतो, घाईघाईत प्लास्टिकच्या पिशवीत जातो, वर लाखेचं सील बसतं. आत ओल, ऊब आणि रक्त. बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांची विकरं डीएनएचे तुकडे पाडतात. खरं तर कपडा स्वच्छ कागदावर पसरून सावलीत पूर्ण वाळवायला हवा, कारण उन्हातली अतिनील किरणंही डीएनए खराब करतात. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात, घड्यांमध्येही कागद, म्हणजे एका जागचा डाग दुसरीकडे उमटत नाही. या कामाला महागडं उपकरण लागत नाही. कागद, जागा आणि थोडा धीर लागतो.

प्रयोगशाळा डीएनएवरच्या ठरावीक जागा वाचते. प्रत्येक जागी एक छोटा क्रम किती वेळा पुन्हा पुन्हा आला आहे, ते मोजलं जातं. त्यासाठी वाचायचे तुकडे साधारण १०० ते ४५० अक्षरं लांबीचे असतात. नमुना कुजला की लांब तुकडे आधी जातात, आखूड टिकतात. पूर्वीची तपासणी किट पंधरा जागा वाचत. आजची वीसहून अधिक वाचतात आणि त्यांतल्या बऱ्याच जागांचे तुकडे मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी ‘डीएनए मिळाला नाही’ असा शेरा पडलेल्या डागातून आज वाचण्याजोगा आलेख निघू शकतो. चांगल्या आलेखाला एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे जेमतेम दीडशे पेशी. शर्ट मात्र शिल्लक हवा.

हीच संवेदनशीलता उलटही फिरते. दीडशे पेशी हातमोजा न बदलल्यानेही इकडून तिकडे जातात. म्हणून निष्कर्षाइतकाच त्यामागचा आलेख महत्त्वाचा. त्याला इलेक्ट्रोफेरोग्राम म्हणतात. एका माणसाच्या नमुन्यात प्रत्येक जागी एक किंवा दोन शिखरं दिसतात. अनेक जागी तीन-चार दिसली तर नमुना एकाहून अधिक माणसांचा आहे. मुख्य शिखराच्या शेजारी एक बुटकं शिखर यंत्रप्रक्रियेतूनच उगवतं, त्याला कुणाचा डीएनए समजण्याची चूक होऊ शकते. कोर्टात सगळे ज्याला ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल ॲनालायझरचा, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल) म्हणतात त्यात यातलं काहीच नसतं. असतो तो एक तक्ता आणि ‘नमुना आरोपीशी जुळतो’ असं एक वाक्य. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. बचाव पक्ष सर्वांत जास्त गमावतो तो इथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक शब्द अहवालात नीट शोधावा: वाय-एसटीआर, म्हणजे फक्त वाय गुणसूत्रावरच्या जागा वाचणारी चाचणी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं उतरतं. आरोपीचं वाय जुळलं, तर ते त्याच्या सख्ख्या भावाचं, चुलत्याचं, चुलत भावाचंही जुळेल. मयत आणि संशयित एकाच वाडीतले, एकाच भावकीतले असतील, तर या जुळणीने नेमका माणूस ठरत नाही. तिच्या आधारे एखाद्याला वगळता मात्र निःसंशय येतं.

नमुना कुठून कुठे गेला, हा दुसरा कच्चा दुवा. पुण्याचा मुद्देमाल गणेशखिंडीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तोवर तो पोलीस ठाण्यात पडून असतो. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून खटल्यात १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत मालखान्यातच (पोलिसांच्या मुद्देमाल कोठारात) होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द करून त्यांना निर्दोष सोडलं, तेव्हा हे दिवस मोजले आणि डीएनए अहवालाचा आधार खालच्या न्यायालयांनी तपासलाच नाही, असंही नोंदवलं. जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, हाताळणीची नोंदवही ठेवायची, खटला चालवणाऱ्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय सीलबंद पाकीट उघडायचं नाही.

विज्ञानाची मर्यादा कळायला पुण्याचाच एक खटला पुरेसा आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूडमध्ये पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या एकाचं वय खटल्याच्या कागदांत विशीतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, फेरविचारही फेटाळला. २००५ मध्ये, तो येरवड्यात असताना, हाडांवरून वय तपासलं गेलं. उत्तर आलं, २२ ते ४०. गणित मांडून पाहा: म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो ११ वर्षांचाही असू शकतो आणि २९ चाही.

असं का झालं? क्ष-किरणात हाडांच्या टोकांवरचे कूर्चेचे पट्टे पाहतात. ते कोपरात आधी, मनगटात अठराच्या आसपास, गळ्याच्या हाडाच्या आतल्या टोकाला विशीनंतर भरून येतात. वाढीच्या वयातही न्यायालयं दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरतात. एकदा सगळे पट्टे बुजले की या चाचणीला सांगण्यासारखं फार उरत नाही. मनगटाच्या तुलनेसाठी प्रसिद्ध असलेली चित्रमालिकाही अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या, १९३०च्या दशकातल्या सुखवस्तू मुलांवरून बनलेली आहे. म्हणून बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला आधी, मग महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, असा क्रम आहे.

अल्पवयीन असल्याचा दावा निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो. या कैद्यानेही तो केला. पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख सापडली. नोंदीतलं नाव आणि आरोपपत्रातलं नाव एकाच मुलाचं आहे, हे सिद्ध करायलाच खूप झगडावं लागलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर तुरुंगात २८ वर्षं गेली होती.

आरोपीच्या वकिलाने, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे नेमलेल्या वकिलाने, निकालाच्या आठवड्यातच मुद्देमाल राखून ठेवण्याचा अर्ज द्यावा. अपील दाखल झाल्यावर तोच उच्च न्यायालयात पुन्हा द्यावा. प्रयोगशाळेकडून उरलेला डाग, वेगळा काढलेला डीएनए, आलेखाच्या मूळ संगणकीय फायली आणि कोऱ्या नियंत्रण नमुन्याचा (ज्यात मुद्दाम कुणाचाच डीएनए नसतो) निकाल मागावा. कोऱ्या नमुन्यात शिखरं दिसली तर त्या दिवसाची अख्खी बॅच संशयास्पद ठरते. पोलीस ठाण्याकडून मुद्देमाल नोंदवही आणि नमुना नेणाऱ्या शिपायाची पोच मागावी. तारखा, सीलचे ठसे आणि पाकिटांची संख्या तिन्ही ठिकाणी ताडून पाहावी. फरक आढळला तर कलम ४३२ च्या अर्जात तो तारखेनिशी लिहावा आणि आहे त्याच नमुन्याची नव्या किटवर फेरतपासणी मागावी. डाग अगदी छोटा असेल तर फेरतपासणीत तो संपून जाऊ शकतो, म्हणून अर्धा भाग राखून ठेवण्याची अट अर्जातच घालून घ्यावी.