आखूड पायांसाठी माउंटन बाइकच्या फ्रेमचे माप

माउंटन बाइकची फ्रेम निवडताना स्वाराच्या एकूण उंचीवर विसंबून न राहता त्याच्या पायांची आणि धडाची लांबी वेगवेगळी धरण्याची पद्धत. कंपन्यांचे तक्ते बहुधा उंचीवर बेतलेले असतात. पण १६५ सेंमी. उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय दुसऱ्यापेक्षा पाच-सहा सेंमी. आखूड असू शकतात, आणि तक्ता दोघांनाही एकच सायकल देतो. कोकण किनाऱ्यावर ही चूक लवकर अंगाशी येते. रेवस ते रेडी सागरी मार्ग खाडी आली की खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो; डांबर सोडले की जांभ्याची सुटी खडी, पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा आणि उताराला आडव्या गेलेल्या पायवाटा सुरू होतात.

फ्रेमचा इंचातला आकडा म्हणजे क्रँकच्या (पॅडल ज्यावर बसते त्या दांडीच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर. जुन्या काळ्या, २८ इंची चाकांच्या सायकलीत वरचा दांडा जमिनीला समांतर असे, त्यामुळे या एका आकड्यावरून दांडा किती उंच येणार ते कळे. ज्यांची टांग पोहोचत नसे ती पोरे दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत. माउंटन बाइक १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जन्मली. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये तिच्यासाठी खास फ्रेम बांधायला घेतल्या आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची ‘स्टंपजंपर’ घाऊक प्रमाणावर बाजारात आली. सुरुवातीला तिचाही दांडा जवळजवळ आडवाच होता. पुढे तो सीटकडे उतरता झाला, सीटची नळी आखूड झाली आणि इंचाच्या आकड्याचा जुना अर्थ गेला. आज दोन कंपन्यांच्या १७ इंची सायकली शेजारी उभ्या केल्या तर एकीचा दांडा मांडीला लागतो, दुसरीचा जांघेला.

आपल्याकडे यात आणखी एक घोळ आहे. दुकानात पहिला प्रश्न येतो तो चाकाचा : “खयची होयी, सव्वीस की एकोणतीस?” ‘२६टी’, ‘२९टी’ हे चाकाच्या मापाचे आकडे, फ्रेमशी त्यांचा थेट संबंध नाही. तरी ‘२९टी उंच माणसाची, २६टी बुटक्याची’ असे गणित सर्रास मांडले जाते. स्वस्त सायकलींमध्ये तर एका चाकाला बहुधा फ्रेमचे एकच माप येते, म्हणजे निवडायला काही उरतच नाही.

माप घ्यायला शिंप्याचा आकडा चालत नाही, कारण पँटची आतली शिवण जांघेच्या हाडापर्यंत जात नाही. अनवाणी, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवून भिंतीला पाठ लावायची. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक कणा वर करून सीटवर बसल्यासारखे दाबले जाईल इतके जांघेत वर घ्यायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. भिंत गिलावा केलेली हवी. उघड्या चिऱ्यांच्या भिंतीला पुस्तक अडते आणि माप वाकडे येते. आलेल्या सेंटिमीटरांना ०.२२६ने गुणले की इंचात ढोबळ फ्रेम मिळते. ७२ सेंमी.ला साधारण १६.३, ७८ सेंमी.ला १७.६. वर उल्लेखलेली १६५ सेंमी.ची दोन माणसे हीच समजा. त्यांच्यात सव्वा इंचाचा, म्हणजे बहुतेक तक्त्यांत जवळजवळ एका मापाचा फरक पडला.

सीटची उंची मात्र वेगळी काढावी लागते. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात पायाच्या मापाला ०.८८३ने गुणतात, ७२ सेंमी.ला क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६३.६ सेंमी. येतात. आखूड पायांच्या स्वाराची खरी अडचण इथे सुरू होते, कारण ‘सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. हे खरे नाही. पॅडल सर्वांत खाली असतानाही जमिनीपासून सुमारे १५ सेंमी. वर असते. पॅडलपर्यंत जवळजवळ सरळ होणारा पाय त्याखालच्या जमिनीवर सपाट टेकणार कसा? योग्य उंचीला सीटवरून फार तर चवडा पोहोचतो आणि पॅडल खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खाली घेऊन आंबोलीचा घाट चढणाऱ्याचा गुडघा पुढून दुखू लागतो, आणि दोष मात्र घाटाला दिला जातो.

जमिनीवर पाय टेकायचे ते सीटवरून उतरून, दांडा दोन्ही पायांत घेऊन. म्हणून दांड्याची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची. सपाट रस्त्यावर इंचभर मोकळी जागा भागते. माउंटन बाइकला निदान दोन इंच धरतात. कोकणात हे दोन इंचही फसवे ठरतात. पाखाडी उतरताना मागचे चाक वरच्या पायरीवर, पुढचे खालच्या पायरीवर आणि ब्रेक लावून स्वार पुढे उतरला, तर त्याचे पाय खालच्या पायरीवर पडतात. पायरी १५ सेंमी.ची असेल तर दांडा त्याच्या जांघेखाली नेहमीपेक्षा सात-आठ सेंमी. वर आलेला असतो. दोन इंच म्हणजे जेमतेम पाच सेंमी. आडव्या उतारावर तर दरीकडचा पाय हवेतच राहतो, म्हणून तिथे डोंगराकडचा पाय आधी टाकायची सवय लावून घ्यावी. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरले की पाय नेमका कुठे पडणार हे आपल्या हाती फारसे राहत नाही.

तेवढ्यावरून सर्वांत लहान फ्रेम उचलावी असे मात्र नाही, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. ज्याचे पाय आखूड, त्याच उंचीत त्याचे धड लांब. लहान फ्रेमवर दांडा खाली येतो खरा, पण हँडलही जवळ येते. चढावर गुडघे हँडलकडे जातात आणि उतारावर छाती पुढच्या चाकावर झुकते. त्यासाठी रीच पाहावी : क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर. हे अंतर सीट वर-खाली केल्याने बदलत नाही. वरच्या दांड्याच्या लांबीचे तसे नाही. सीटची नळी मागे कललेली असल्याने सीट जितकी खाली, तितकी ती हँडलच्या जवळ, म्हणजे त्याच सायकलीवर आखूड पायांच्या स्वाराला लांब पायांच्या स्वारापेक्षा प्रत्यक्षात कमी लांबी मिळते. तेव्हा रीच धडाला साजेशी आणि सीटची नळी शक्य तितकी आखूड अशी जोडी शोधावी. पूर्वी ती दुर्मीळ होती. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे कळ दाबून खाली-वर होणारा सीटचा दांडा, रुळल्यावर कंपन्यांनी नळ्या आखूड केल्या आणि स्पेशलाइज्डने तर काही मॉडेलांना एस२, एस३ असे रीचवर बेतलेले आकडे दिले.

ड्रॉपर किती लांबीचा बसेल हे घरबसल्या काढता येते. ६३.६ सेंमी. सीटच्या उंचीतून सीटच्या नळीचे, समजा, ४२ सेंमी. वजा केले तर २१.६ उरतात. खुद्द सीट आणि ड्रॉपरचा न दबणारा भाग मिळून साधारण साडेनऊ सेंमी. जातात, राहिले बारा. म्हणजे १५ सेंमी.चा ड्रॉपर इथे बसणार नाही. नळी ३८ सेंमी.ची असेल तर बसेल, अर्थात त्याचा खालचा भाग आत मावेल इतकी ती आतून सरळ हवी.

क्रँक १७०ऐवजी १६५ मिमी.चा घेतला तर पॅडल वर असताना गुडघा कमी दुमडतो. सीट तेवढीच पाच मिमी. वर घ्यावी. चढाला तरफ तीनएक टक्क्यांनी कमी होते, ती पुढची चकती ३२ऐवजी ३० दात्यांची केली की भरून निघते. २९ इंची चाकात आखूड पायांना आणखी एक त्रास आहे : उतारावर सीट पूर्ण खाली घेऊन मागे सरकले की मागचा टायर ढुंगणाला घासतो. पुढे २९ आणि मागे २७.५ इंच अशी जोडी हा त्यावर उपाय आहे.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट पोलादी नळीत धरून बसते, आणि मग मापाचा सारा हिशेब फुकट. आखूड पायांच्या स्वाराची पोस्ट नळीत खोल गेलेली असते, त्यामुळे ती सोडवणे जास्त कठीण. किनाऱ्यालगत ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बाहेर काढून पुसतात, ग्रीस लावतात आणि परत घालतात. काढण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी पोस्टला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा, म्हणजे ६३.६ पुन्हा मोजावे लागत नाहीत.