46 ग्रॅमचा चेंडू आणि कमरेवरचा भार

गोल्फच्या चेंडूचं वजन नियमाप्रमाणे 45.93 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. तो लांब टोलवायची स्टिकसुद्धा तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमचीच असते. भाताचं पोतं उचलताना कंबर धरली तर कुणाला नवल वाटत नाही. पण एवढ्याशा चेंडूपायी माणूस आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतो, हे घरच्यांना पटवून देणं कठीण जातं.

आमच्या गुहागर-दापोली पट्ट्यात गोल्फ म्हणजे टीव्हीवरचा खेळ. पण मुंबईत नोकरी करताना चेंबूरच्या गोल्फ मैदानावर वगैरे हा नाद लागलेले काही चाकरमानी निवृत्त होऊन गावी येतात, तेव्हा स्टिकांची पिशवीही सोबत येते. मैदान नसलं म्हणून काय झालं? ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू आहेच. पहाटे किनाऱ्यावर एखादे काका प्लॅस्टिकचा चेंडू मारताना दिसतात आणि दुपारी तेच काका कंबरेला पट्टा बांधून ओटीवर बसलेले असतात. वयाला दोष देऊन आपण मोकळे होतो. मला त्यात भूमितीचा दोष जास्त दिसतो.

आधी भाराचं बघू. 1990 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गोल्फच्या फटक्यात कमरेच्या मणक्यांवर किती दाब येतो याचं गणित मांडलं. तो शरीराच्या वजनाच्या सुमारे आठ पट निघाला. धावताना हाच दाब तिपटीच्या आसपास असतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या कमरेवर क्षणभर साडेपाचशे किलोंचा भार. तो चेंडूच्या वजनातून येत नाही. स्टिक पाव सेकंदात वरून खाली आणायची असते, त्यासाठी पाठीपोटाचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि ते आवळणं मणक्यांना वरून-खालून दाबतं. नुसता सरळ दाब मणके बऱ्यापैकी पचवतात. तो चालू असताना त्यांना पिळलं आणि एका कुशीला वाकवलं, की घोटाळा होतो.

कमरेत पाच मणके. त्यांच्या मागच्या अंगाला छोटे सांधे असतात आणि त्यांची ठेवण अशी की पुढे-मागे वाकायला ते मुभा देतात, पण वळायला लागलं की एकमेकांवर अडतात. एका मणक्याला एका बाजूला जेमतेम एक-दोन अंश वळता येतं. पाचही मिळून दहाच्या आसपास. त्याच्या वर छातीचे बारा मणके आहेत, ते तीस-पस्तीस अंश वळतात. खाली खुबे आहेत. खुब्याचा सांधा उखळीतला. मांडीचं हाड त्यात आतल्या बाजूला पस्तीस-चाळीस अंश सहज फिरतं.

आता बेरीज करा. चांगला खेळाडू स्टिक मागे नेतो तेव्हा त्याचे खांदे नव्वद अंश वळलेले असतात. त्यातले पंचेचाळीस खालून, म्हणजे खुब्यांकडून आले तर कण्याला पंचेचाळीस पुरवायचे राहतात. छातीचे पस्तीस आणि कमरेचे दहा. हिशेब जमला, पण शिल्लक शून्य! समजा, तीस वर्षं खुर्चीत बसून खुबे आखडलेत आणि खालून पंचवीसच आले. मग कण्याला पासष्ट द्यावे लागतात, आणि तेवढे त्याच्याकडे नाहीतच. ती तूट वसूल होते कमरेच्या त्या पाच मणक्यांकडून.

गंमत अशी, की 1992 नंतर शिकवणीत नेमका उलटा सल्ला बोकाळला. खांदे भरपूर वळवा, खालचा भाग घट्ट धरून ठेवा. दोघांमध्ये जितका जास्त फरक, तितका चेंडू लांब. या फरकाला ‘एक्स-फॅक्टर’ असं भारदस्त नावही मिळालं. पल्ला वाढतो हे खरं आहे. पण हा सल्ला विशीतल्या, रोज व्यायाम करणाऱ्या पोरांसाठी होता, आणि पाळला मात्र साठीच्या हौशी मंडळींनी. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू टायगर वूड्स याच्या पाठीवर मार्च 2014 मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. एप्रिल 2017 मध्ये कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जोडून टाकावा लागला आणि तरी एप्रिल 2019 मध्ये त्याने मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा जिंकली. त्याच्या दुखण्याचं खापर एकाच कारणावर फोडता येणार नाही. पण ज्याच्या दिमतीला फिजिओंचा ताफा आहे, त्याची ही गत, तर ओल्या वाळूवरच्या काकांनी काय ते समजून घ्यावं.

जुन्या खेळाडूंकडे बघा. अमेरिकेचाच जॅक निकलस स्टिक मागे नेताना डावी टाच खुशाल उचलायचा. टाच उचलली की डावा गुडघा आत येतो, खालचा सगळा भाग खांद्यांबरोबर वळतो आणि कमरेवरची वसुली टळते. सेहेचाळिसाव्या वर्षी, 1986 मध्ये, त्याने मास्टर्स जिंकली. जुनं ते सगळं सोनं असंही नाही. 1960-70च्या दशकांत फटका संपवताना पाठ मागे कमानीसारखी वाकवायची पद्धत होती. ती मणक्यांच्या मागच्या सांध्यांना भलतीच जाच करते. फटका संपला की डोकं, छाती आणि खुबे डाव्या पायावर एका रेषेत उभे राहिलेले बरे.

वाळूवरची अडचण मात्र वेगळीच. ओल्या वाळूत पाय दोन बोटं रुततात आणि तिथेच घट्ट बसतात. पाऊल फिरलं नाही तर सगळं फिरणं खुब्याला करावं लागतं. खुबा आखडलेला असला तर गुडघा आणि कंबर आहेतच बळी जायला. शेजारी टेनिस बॉलवर खेळणाऱ्या एका पोराने एका काकांना बरोबर टोकलं होतं: “काका, पाय रोवून कशाला उभे राहिलात? जरा फिरू द्या की त्यांना!” त्या पोराचा स्वतःचा आडवा फटका पाहिला तर मागची टाच दरवेळी सुटलेली दिसते. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. काकांसाठी सोपा उपाय म्हणजे कोरड्या, सपाट जागी उभं राहायचं आणि डाव्या पावलाचा चवडा वीस-तीस अंश बाहेर वळवून ठेवायचा. (डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.) फटक्यानंतर शरीर डावीकडे वळतं, तेव्हा डाव्या खुब्याला तेवढी उसंत मिळते.

खुबा किती वळतो ते घरी बघता येतं. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे जागेवर ठेवा आणि एक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं ते असं. बसल्या जागी नितंब उचलला जात असेल तर ती लबाडी समजा. आयुष्यभर मांडी घालून जेवलेल्या माणसांना वाटतं की आपले खुबे मोकळेच आहेत. पण मांडी घालताना खुबा फिरतो बाहेरच्या बाजूला. गोल्फमध्ये पुढच्या पायाच्या खुब्याला आत वळावं लागतं. एकीकडून मोकळा असलेला सांधा दुसरीकडून अडलेला असू शकतो. डाव्या आणि उजव्या पायांत ठळक फरक दिसला, तर स्टिक हातात घेण्याआधी चार आठवडे खुब्यांच्या व्यायामाला द्यावेत.

उभं राहण्याचंही एक शास्त्र आहे. चेंडूकडे झुकायचं ते पाठीला पोक काढून नव्हे, तर खुब्यातून, गुडघे किंचित सैल ठेवून. पोक काढला की छातीच्या मणक्यांचं वळणं तिथेच कमी होतं आणि वरच्या हिशेबातले पस्तीस अंश वीसवर येतात. फटक्याच्या क्षणी उजवी कूस दुमडली जाते आणि त्याच वेळी कणा वेगाने वळत असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्यांची पाठ बरेचदा उजवीकडेच दुखते, ती यामुळे.

आणि ती पहाटेची वेळ! मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर भिजत घातलेल्या वालांसारख्या पाणी पिऊन फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकताना येणारा ताण दुपारपेक्षा कितीतरी जास्त असतो. पहिल्या तासाभरात त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कधीतरी ती नेमकी सहाला येतेच. त्या दिवशी चहा घ्या, किनाऱ्यावर चालून या आणि मगच स्टिक उचला. उठल्या उठल्या पायाचे अंगठे पकडायचा व्यायाम तर नकोच. पहिले दहा-बारा फटके छोटी स्टिक घेऊन, निम्म्या जोराने.

पाठीतली कळ पायात उतरत असेल किंवा पाऊल बधिर होत असेल, तर फटका सुधारत बसू नये, डॉक्टर गाठावा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

चेंडू उचलायची जुन्या गोल्फरांची एक रीत फिजिओथेरपिस्ट आता गोल्फ कशाशी खातात हे माहीत नसलेल्यांनाही शिकवतात. एका हाताने स्टिकचा आधार घ्यायचा, एका पायावर खुब्यातून झुकायचं आणि दुसरा पाय मागे सरळ उचलायचा. मागे गेलेल्या पायामुळे तोल सांभाळला जातो आणि कणा सरळ राहतो. भरलेली कळशी अशी उचलू नये. हलक्या वस्तूंपुरतीच ही रीत. पण मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या झाडाखाली तासन्‌तास वाकून बिया वेचणाऱ्या बायकांना ती कामाची आहे. हातात स्टिकऐवजी काठी चालते, आणि पाय आलटून-पालटून घ्यायचे.